‘कसं कळलं?’ नावाचा रकाना

कार्डमास्तरांबद्दल लिहायचं, असं मी तीन वर्षं म्हणतेय. दर वेळी पहिल्याच पानावर हात थांबतो. या गोष्टीत एका ठिकाणी माझी सही आहे.

ते आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात साहाय्यक होते आणि मी इतिहास शिकवायचे. नोकरीची पहिली अठरा वर्षं त्यांनी पुस्तकांची कार्डं लिहिली. लेखक, शीर्षक, विषय, कपाटाचा क्रमांक. अक्षर इतकं नेटकं की काही विद्यार्थी पुस्तक न घेता नुसतं कार्ड वाचूनच परत जातात, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो. पुढे ग्रंथालयात संगणक आले, कार्डांचे लाकडी खण व्हरांड्यात जाऊन पडले, आणि मास्तरांना पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर बसवलं गेलं. नाव तेवढं कार्डमास्तर राहिलं.

दुसरा कुणी रुसून बसला असता. मास्तर म्हणाले, “ज्यानं मला खुर्चीवरून उठवलं, त्याची ओळख तरी करून घ्यावी की नाही, मॅडम?” आणि खिडकीवर गर्दी नसेल तेव्हा ते शिकत राहिले. तक्ते करायला शिकले, याद्या जुळवायला शिकले, जुन्या पत्त्यांवरून नकाशा काढायला शिकले. विचारायला कुणी नव्हतं. एखादी गोष्ट जमायला त्यांना महिना लागायचा आणि त्या महिन्यात केलेल्या सगळ्या चुका ते एका वहीत लिहून ठेवायचे. मी विचारलं, कशाला? म्हणाले, “कुणाला शिकवायची वेळ आली तर हाच खरा अभ्यासक्रम.”

त्या काळात आमच्याकडे दर वर्षी डिजिटल मानव्यविद्येची कार्यशाळा भरायची. म्हणजे इतिहास, साहित्य, भाषा असल्या विषयांचं काम संगणकाच्या मदतीनं कसं करायचं ते शिकवायला बाहेरून तज्ज्ञ यायचे. पहिला दीड तास पासवर्ड शोधण्यात जायचा. मग तज्ज्ञ पडद्यावर भराभर काहीतरी करून दाखवायचे, आम्ही मान डोलवायचो, आणि संध्याकाळी प्रमाणपत्र आणि कापडी पिशवी घेऊन घरी जायचो. दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे. एकदा मास्तरांनी तीन वर्षांचे अभिप्रायाचे कागद मागवून वाचून काढले. मला म्हणाले, “पन्नासातल्या सेहेचाळीस जणांना जेवण आवडलंय. उरलेल्या चौघांनी पंख्याची तक्रार केलीय. शिकलो असं एकानंही लिहिलेलं नाही.”

मग त्यांनी स्वतः कार्यशाळा घ्यायचं ठरवलं. परवानगी मिळवायला माझं नाव पुढे केलं, कारण ग्रंथालय साहाय्यकानं प्राध्यापकांना शिकवायचं हे कागदावर बसत नव्हतं. मी संयोजक, ते तांत्रिक सहकारी. प्रत्यक्षात मी खुर्च्या लावायचे.

पहिली कार्यशाळा सपशेल पडली. मास्तर घाबरले होते आणि घाबरला माणूस भरभर बोलतो. दुपारच्या जेवणानंतर साहित्याच्या एक ज्येष्ठ प्राध्यापिका परतल्याच नाहीत. मास्तरांना रात्रभर झोप लागली नाही म्हणे. सकाळी ते त्या बाईंच्या घरी गेले. माफी मागायला नव्हे. दारातच त्यांनी विचारलं, “तुम्ही नेमक्या कुठे हरवलात, तेवढं सांगाल का?”

त्या म्हणाल्या, “तुम्ही ‘फक्त’ फार म्हणता. ‘फक्त इथे दाबा, फक्त हे ओढा.’ तुम्ही फक्त म्हणता तेच मला जमत नव्हतं. चाळीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई मी, त्या खोलीत मला स्वतःची लाज वाटली.”

मास्तर घरी आले आणि एका कार्डावर त्या सुरेख अक्षरात लिहिलं, ‘फक्त म्हणायचं नाही.’ ते कार्ड त्यांनी खिशात ठेवलं. त्यांच्या पत्नी बालवाडीत शिकवायच्या. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, “वर्ग गप्प झाला की कळलं असं समजू नका. पोरं हरवली की गप्प होतात. मोठीही तशीच असणार.”

त्यानंतरची कार्यशाळा वेगळी झाली. बारा माणसं, तीन दिवस. तेरावा आला तर पुढच्या खेपेला. आठवडाभर आधी मास्तर प्रत्येकाला फोन करून विचारायचे, “तुमच्याकडचा असा कुठला प्रश्न आहे, ज्याचं उत्तर तुम्हाला खरोखर हवंय?” पहिल्या अर्ध्या दिवसात संगणक बंद. टेबलावर कोरी कार्डं. दोघांत एक संगणक, आणि ज्याला जास्त येतं त्यानं कळफलकाला हात लावायचा नाही, नुसतं सांगायचं. प्रत्येकाजवळ एक लाल चिठ्ठी. अडलं की ती पडद्यावर चिकटवायची, हात वर करून चारचौघांत बावळट ठरायची गरज नाही. दिवसातून एकदा मास्तर मुद्दाम चूक करायचे आणि ती सर्वांदेखत शोधत बसायचे. पुढे ती मुद्दाम आहे की खरी, हे मलाही कळेनासं झालं. आणि महिन्यानं पुन्हा फोन, “काय अडलंय?”

शिकवायला सामग्री म्हणून त्यांनी तळघरातून सात रजिस्टरं वर आणली होती. गावाबाहेर पूर्वी साथीच्या रोगांचं एक रुग्णालय होतं, ते बंद पडलं तेव्हा तिथले कागद आमच्याकडे आले आणि तसेच पडून राहिले. भरती झालेल्यांच्या नोंदी होत्या त्यात. तारीख, नाव, वय, धंदा, गल्ली, कुणी आणलं, काय झालं. सोबत दफनभूमीच्या रखवालदारानं ठेवलेली एक यादीही त्याच गठ्ठ्यात बांधलेली होती.

काम सोपं वाटायचं, रजिस्टर वाचा आणि तक्त्यात भरा. पण पहिल्या तासाला भांडणं सुरू व्हायची. वय ‘तिशीची असेल’ असं लिहिलंय, रकान्यात आकडा काय घालायचा? धंदा ‘पडेल ते’. बाईच्या नावाच्या जागी ‘हमालाची बायको’. याला नाव म्हणायचं का? भूगोलाचे एक प्राध्यापक म्हणाले, “रिकामं सोडा.” मास्तर म्हणाले, “सोडू. पण उद्या कुणी बघेल तर त्याला वाटेल, तिला नावच नव्हतं. तिला नाव होतं. लिहिणाऱ्यानं विचारलं नाही.” त्या दिवशी मला कळलं की हा माणूस संगणक शिकवत नाहीये.

सगळ्यात अवघड होता ‘काय झालं’ हा रकाना. कारकुनांनी तिथे एकच अक्षर लिहिलेलं असायचं, र. पहिल्या कारकुनाचा र म्हणजे रजा, माणूस बरा होऊन घरी गेला. त्याच्यानंतर आलेल्या कारकुनाचा र म्हणजे रवाना, आणि रवाना म्हणजे दफनभूमीकडे. मध्ये दोन वर्षं दोघेही कामावर होते आणि अक्षर जवळपास सारखं. एका अक्षरात माणूस जिवंत किंवा मेलेला. मग रखवालदाराची यादी उघडायची, तारीख, वय आणि गल्ली जुळवायची, शाईचा रंग बघायचा, कारकुनाची सुट्टी कधी होती ते शोधायचं. एकेका र-ला कधी तास लागायचा. त्यासाठी मास्तरांनी तक्त्याच्या शेवटी एक रकाना घातला, ‘कसं कळलं?’ ‘काय झालं’मध्ये र तसाच ठेवायचा, आणि रजा की रवाना हे कशावरून ठरलं ते तिथे पूर्ण वाक्यात लिहायचं. ‘यादीत त्याच गल्लीतली, त्याच वयाची बाई, दोन दिवसांनी.’ किंवा, ‘कळलं नाही.’ असंही लिहायची मुभा होती. मास्तरांना ते उत्तर फार आवडायचं.

दर कार्यशाळेत दुसऱ्या दिवशी ते एकच नोंद उदाहरण म्हणून घ्यायचे. हमालाची बायको, वय बावीस, शेरा ‘दोन मुली घरी’, पुढे र. लोक दोन तास वाद घालायचे आणि शेवटी पुराव्यानिशी ठरायचं, रवाना. तिसऱ्या दिवशी ती गेली होती.

पाच वर्षांत अकरा हजारांवर नोंदी झाल्या. सव्वाशे माणसं शिकून गेली. त्यांतल्या निम्म्यांनी तरी स्वतःचं काहीतरी उभं केलं. साहित्याच्या त्या प्राध्यापिका पुढे दुसरीकडे कार्यशाळा घेऊ लागल्या. आम्ही सुखात होतो. मास्तरांची मुलगी दूर एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. ती फोनवर म्हणायची, “बाबा, हे सगळं आता यंत्र पाच मिनिटांत करतं.” मास्तर म्हणायचे, “करत असेल गं. पण मग बारा माणसं तीन दिवस काय करतील?”

मग नवे संचालक आले.

माणूस वाईट नव्हता. त्यांना आमचं काम खरोखर आवडलं आणि तिथेच घोळ झाला. त्यांनी ठरवलं, याचं केंद्र करायचं. मोठी खोली, नवी यंत्रं, दारावर पाटी. निधी देणाऱ्यांच्या अटी होत्या. प्रशिक्षकाकडे डॉक्टरेट हवी, दर वेळी किमान दीडशे लोक हवेत, आणि पाठ्यपुस्तक हवं. मास्तरांची चुकांची वही तोवर नव्वद पानांची झाली होती. संचालकांनी मला बोलावून घेतलं.

“संपादक म्हणून तुमचं नाव घालू. त्यांचं नाव आभारात येईलच.”

मी म्हणाले, “सर, लिहिलंय सगळं त्यांनी.”

“मॅडम, मला पटतं हो. पण ग्रंथालय साहाय्यकाच्या नावानं पुस्तक गेलं तर प्रस्ताव तिथल्या तिथे परत येईल. केंद्र व्हायला हवंय ना?”

मला केंद्र व्हायला हवं होतं. मी मास्तरांना जाऊन सांगितलं. ते वहीची पानं चाळत राहिले. मग म्हणाले, “चुका माझ्याच आहेत ना आत? मग झालं.” हसले. मला वाटलं, त्यांना चाललं. तसं वाटून घेणं माझ्या सोयीचं होतं.

केंद्र झालं. प्रशिक्षक म्हणून एक तरुण डॉक्टर बाई आल्या, हुशार, अदबीनं बोलणाऱ्या. मास्तर पुन्हा खिडकीवर गेले. नूतनीकरणात त्यांच्या टेबलावरचा जुना संगणक उचलला गेला आणि कोरा करून दुसऱ्या विभागाला दिला गेला. त्यांची नोंदींची फाइल नव्या यंत्रणेवर चढवली होती, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. तिथे जायला त्यांना मात्र परवानगी नव्हती. ती अध्यापकांना होती.

आता माझी सही. दर तीन महिन्यांनी ग्रंथालय समितीची बैठक व्हायची. त्या दिवशी तेवीस विषय होते. सतरावा असा होता, ‘ज्यांचं डिजिटायझेशन पूर्ण झालं आहे असे जीर्ण कागद निर्लेखित करण्यास मान्यता.’ निर्लेखित म्हणजे यादीतून काढून टाकणं, आणि मग रद्दीत. मला दोन वाजता तास होता. मी घड्याळाकडे बघत सही केली. सोबत जोडलेली यादी मी उघडली नाही. त्या यादीत सात रजिस्टरं होती आणि रखवालदाराची यादी होती.

पानांचे फोटो नव्हते का, असं लोक विचारतात. होते, पहिल्या रजिस्टरातल्या साठेक पानांचे. बाकीच्यांचे मास्तरांनी काढलेच नाहीत. “फोटो काढला की माणूस रजिस्टराकडे फिरकत नाही,” असं ते म्हणायचे. पान बोटांनी उलटलं पाहिजे, शाई उन्हात धरून बघितली पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. शिकवायला तो उत्तम हट्ट होता.

केंद्राची पहिली मोठी कार्यशाळा सभागृहात झाली. एकशे ऐंशी माणसं, समोर एक पडदा. विषय होता नोंदींची सफाई. सराव म्हणून सगळ्यांना आमची फाइल दिली गेली, प्रत्येकाला बदल करायच्या परवानगीसकट. एकसारख्या नोंदी एकत्र करा, अपुरी अक्षरं पूर्ण करा, अनावश्यक रकाने काढा. त्या डॉक्टर बाईंना वाटलं ही प्रत आहे. फाइल देणाऱ्यानं सांगितलं होतं की मूळ वेगळं ठेवलंय. ते ठेवलेलं नव्हतं. चाळीस मिनिटांत काम आटोपलं. टाळ्या झाल्या. मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या, कारण लांबून पडद्यावर मला रंगीत चौकटींपलीकडे काही दिसत नव्हतं.

सहा आठवडे कुणाला काही कळलं नाही.

कळलं ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईंमुळे. साठीच्या पुढच्या होत्या. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोटावर सुयांचे व्रण. कुणाकडून तरी ऐकून त्या केंद्रात आल्या आणि तिथून कुणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवलं. त्यांनी एका दमात सांगून टाकलं. त्यांची आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. आई दोन वर्षांची असताना आजी त्या रुग्णालयात गेली ती परत आलीच नाही. आजोबांनी पोरींना सांगितलं, “बरी झाली आणि निघून गेली. तुम्ही नको होतात तिला.” आजोबा हमाली करायचे. पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं.

“आईनं आख्खा जन्म तिला शिव्या घातल्या हो,” त्या म्हणाल्या. “आम्हाला कधी जवळ घेतलं नाही. म्हणायची, आईपण काय असतं ते मला कुणी शिकवलंच नाही. आता शेवटी शेवटी विचारते, खरंच गेली का गं ती सोडून? मला तेवढंच बघून द्या.”

त्यांनी गल्ली सांगितली. ही नोंद मला पाठ होती. मी त्यांना तशीच खिडकीवर घेऊन गेले. मास्तरांनी ऐकलं आणि ते उभे राहिले. म्हणाले, “त्या गेल्या नाहीत सोडून. तिसऱ्या दिवशी वारल्या. चला, दाखवतो.”

केंद्रात माझ्या नावानं फाइल उघडली. मास्तरांनी गल्ली घातली. नोंद आली. हमालाची बायको, वय बावीस. ‘काय झालं’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘रजा, बरी होऊन घरी’. मास्तरांनी खालची नोंद बघितली. वरची बघितली. ते भराभर खाली खाली जात राहिले. जिथे जिथे र होता तिथे तिथे तेच. सगळे बरे होऊन घरी गेले होते. नोंदी अकरा हजारांच्या सहा हजार झाल्या होत्या, कारण एका गल्लीतल्या सगळ्या हमालांच्या बायका मिळून एक झाली होती. शेऱ्याचा रकाना नव्हता. शेवटचा रकानाही नव्हता.

मास्तर मला म्हणाले, “मॅडम, रजिस्टर मागवा.” आवाज अगदी शांत होता.

मला तेव्हाही माहीत नव्हतं. मी तळघरातल्या शिपायाला फोन लावला. तो म्हणाला, “ते कागद गेले की, बाई. तुमच्याच समितीनं काढायला सांगितले ना?”

त्या बाई पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी चष्मा लावला आणि हळूहळू वाचलं. “बरी होऊन घरी.” मग मास्तरांना म्हणाल्या, “म्हणजे आजोबा खरंच सांगत होते.”

“नाही हो. हे चुकलंय. मी स्वतः बघितलंय. आम्ही दर वर्षी हीच नोंद तपासायचो. दफनभूमीच्या यादीत होत्या त्या.”

“मग ती यादी दाखवा ना.”

मास्तरांकडे दाखवायला काही नव्हतं.

तरी ते त्या बाईंसोबत त्यांच्या घरी गेले. मीही गेले. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी शिवणयंत्र, पलीकडे पलंगावर ती म्हातारी. ऐकू कमी यायचं, म्हणून मास्तर पलंगाशी खाली बसले आणि तिच्या कानाशी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत बोलले, “आजी, तुमची आई तुम्हाला सोडून गेली नव्हती. ती तिसऱ्या दिवशी वारली. मी वाचलंय. तिच्या नावापुढे लिहिलं होतं, दोन मुली घरी. तिनंच सांगितलं असणार ते, नाहीतर कारकुनाला कसं कळणार?”

म्हातारीनं विचारलं, “कागद आहे?”

मास्तर म्हणाले, “होता.”

“आता?”

“आता नाही.”

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. लेकीनं आम्हाला पाणी विचारलं. आम्ही नको म्हणालो. उतरताना मागून जिन्यात लेकीचा आवाज आला, “चांगला माणूस आहे, आई, तुला बरं वाटावं म्हणून आला होता.” अकरा दिवसांनी म्हातारी गेली. लेकीचा फोन आला होता, तक्रार नव्हती, नुसतं कळवायला.

जुनी आवृत्ती परत मिळवायची खटपट झाली. त्या डॉक्टर बाई आठवडाभर रडकुंडीला येऊन प्रयत्न करत होत्या. ग्रंथालयाचं जुनं ऑनलाइन खातं केंद्र झालं तेव्हाच बंद केलेलं होतं. नव्या यंत्रणेत तीस दिवसांपलीकडचं काही राहत नव्हतं, आणि आम्हाला कळलं तेव्हा बेचाळीस दिवस झाले होते. मास्तरांच्या घरी एका जुन्या सीडीवर पहिल्या वर्षाच्या सहाशे नोंदी निघाल्या. त्यांत ती गल्ली नव्हती.

मी संचालकांकडे गेले. ते खरोखर हळहळले. म्हणाले, “फार वाईट झालं. पण मॅडम, वापर तर चालू राहिला पाहिजे. सहा हजार नोंदीही काही कमी नाहीत. आणि र म्हणजे रजाच असणार की बहुतेक ठिकाणी.” मी माझं नाव पुस्तकावरून काढा असं लेखी दिलं. दुसऱ्या आवृत्तीत ते काढलं गेलं. त्या जागी मास्तरांचं नाव आलं नाही, केंद्राचं आलं. आता तिसरी आवृत्ती निघालीय. त्या सहा हजार नोंदींवर दोघांनी प्रबंध लिहिलेत. एकाचा निष्कर्ष असा आहे की त्या काळाच्या मानानं या रुग्णालयात बरे होणाऱ्यांचं प्रमाण आश्चर्यकारक होतं. मी परीक्षकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं की आपलं म्हणणं पटण्यासारखं आहे, कृपया मूळ साधनाचा संदर्भ द्यावा.

मास्तरांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मीच एकदा खिडकीवर जाऊन म्हणाले, “मास्तर, सही माझी होती.” ते पुस्तकावर शिक्का मारत होते. म्हणाले, “आणि फोटो मी काढले नव्हते.” पुढचा माणूस रांगेत उभा होता. त्यांनी त्याचं पुस्तक घेतलं.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, तेवढी त्यांनी त्या खिडकीवर काढली. मधे साहित्याच्या त्या प्राध्यापिकाबाईंनी आग्रहानं त्यांना आपल्या कार्यशाळेत शिकवायला बोलावलं. गेले. बारा माणसं होती, सगळं त्यांच्याच पद्धतीनं मांडलेलं. पहिल्या तासाला एका मुलीनं साधा प्रश्न विचारला, “सर, हे एवढं कुणासाठी लिहून ठेवायचं?” रोजचा प्रश्न. याआधी शंभर वेळा त्यांनी त्याला उत्तर दिलं होतं. त्या दिवशी ते फळ्यापाशी उभे राहिले, खडू हातात तसाच, आणि त्यांना काही सुचेना. लोकांना वाटलं मुद्दाम करतायत. शेवटी ते म्हणाले, “मला माहीत नाही, बाळ,” आणि पिशवी घेऊन निघून आले. त्यानंतर त्यांनी शिकवलं नाही.

निवृत्तीनंतर मी दर पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे जायचे. दुसऱ्या मजल्यावरचं घर, समोर एका गोदामाची पत्र्याची भिंत. मास्तर खिडकीत बसलेले असायचे. वर्तमानपत्र मांडीवर, घडी न मोडलेली. मी बोलायचे, ते हं हं म्हणायचे. मुलगी येऊन त्यांना आपल्याकडे घेऊन जाते म्हणाली, ते गेले नाहीत. तिनं नवा संगणक पाठवला, तो खोक्यातून बाहेर निघाला नाही. एकदा मी हिय्या करून म्हटलं, “आपण पुन्हा सुरू करू या का? दुसरे कागद असतील कुठेतरी.” ते माझ्याकडे बघून हसले. अनोळखी माणसाला रस्ता सांगता आला नाही की आपण हसतो, तसं.

गेल्या खेपेला निघताना त्यांच्या पत्नी माझ्यामागून जिन्यापर्यंत आल्या. दार हळूच ओढून घेतलं आणि म्हणाल्या, “एक सांगू का? राग मानू नका.”

“सांगा ना वहिनी.”

“तुम्ही येत जाऊ नका. तुम्ही येऊन गेलात की हे दोन दिवस जेवत नाहीत.”

मी हो म्हणाले. त्या घाईघाईनं पुढे म्हणाल्या, “तुमचा काही दोष आहे असं नाही हो.” आतून मास्तरांनी विचारलं, “कोण आहे गं?” त्या म्हणाल्या, “कुणी नाही.”

त्याला आता चौदा महिने झाले. मी गेलेले नाही.